जपानहून थेट आलेली ईएस ३००एच आणि पुण्याचे रस्ते: काय बदलावं, कशाला हात लावू नये?

सारथी_कोथरूड

मंडळी, आली एकदाची गाडी. लेक्सस ईएस ३००एच, पेट्रोल-हायब्रिड सेडान, डिसेंबर २०१८ चं रजिस्ट्रेशन, एमएच-१२, एकाच मालकाची. जुलै २०१८ मध्ये ही पिढी भारतात आली तेव्हा एक्स-शोरूम किंमत ५९.१३ लाख होती. मी किती दिले ते विचारू नका, घरात अजून खरा आकडा जाहीर व्हायचाय.

'थेट जपानहून' हे शेपूट मुद्दाम लावलंय. जानेवारी २०२० पासून ईएसची जोडणी भारतातच सुरू झाली. त्याआधीच्या तयार होऊनच बोटीने यायच्या. विकणारा सांगेल ते सांगेल, चॅसी नंबर बघायचा. जपानमध्ये बनलेल्या लेक्ससचा जेटीएचने सुरू होतो, भारतात बनलेल्या गाडीचा एमने. याने गाडी चांगली-वाईट ठरत नाही. पण काच, दिवा, बंपर मागवायची वेळ आली की कुठून येणार आणि किती थांबावं लागणार, याचा अंदाज आधीच असलेला बरा.

सध्या ओळखपरेड चालू आहे. बटण दाबलं की आवाज काहीच येत नाही, फक्त 'रेडी' उमटतं. सुरुवातीला वडील म्हणाले, "अरे, सुरू कर ना," तेव्हा आम्ही गेटपाशी पोचलो होतो. पार्किंगमध्ये मात्र लक्ष ठेवावं लागतं. गाडी मागे येतेय हे कुणालाच कळत नाही, मांजरं तर ढिम्म हलत नाहीत. स्क्रीन बोटाने चालत नाही, खाली टचपॅड आहे. मला जमायला लागलंय, बायकोने नाद सोडला, ती रेडिओ स्टिअरिंगवरच्या बटणांनी लावते.

आता प्रश्न. १८ इंची चाकं आहेत, टायर २३५/४५. कर्वे रोडला ड्रेनेजच्या झाकणावरून गेलो तरी मणक्याला कळतं. आमच्या गल्लीच्या स्पीडब्रेकरला पोट घासतं. शिवाय डॅशकॅम, मॅट, सीट कव्हर, काचांना फिल्म, गाडी उचलायला स्प्रिंगला स्पेसर असं बरंच काही डोक्यात आहे. जाणकारांनी सांगावं. आणि हो, सायलेन्सर बदला असं सांगणाऱ्यांना आधीच नमस्कार.

पेठेतला_प्रेक्षक

अभिनंदन. लांबी ४९७५ मिलिमीटर, रुंदी १८६५. हे घेऊन लक्ष्मी रोडला यायचा बेत असेल तर आदल्या दिवशी धाग्यावर कळवा, आम्ही घरीच बसू.

बाकी पेढ्यांचं काय?

भोसरी_फिटर

सारथी साहेब, अभिनंदन. मी पंधरा वर्षं सस्पेन्शनचंच काम करतो, म्हणून जरा मोठं लिहितो.

पहिलं टायरचं. लोक १८ ची १९ करायला येतात, तुम्ही उलट जा. अमेरिकेत ह्याच पिढीच्या ईएसच्या खालच्या मॉडेलला कंपनीच १७ इंची चाकं देते, टायर २१५/५५. आता हिशोब बघा. २३५/४५ आर १८ चा बाहेरचा व्यास साधारण ६६८.७ मिलिमीटर. २१५/५५ आर १७ चा ६६८.३. फरक अर्धा मिलिमीटरसुद्धा नाही, म्हणजे स्पीडोमीटर खोटं बोलणार नाही, एबीएस गोंधळणार नाही. पण टायरची भिंत १०५.७५ वरून ११८.२५ होते. साडेबारा मिलिमीटर जास्त रबर रिम आणि खड्ड्याच्या मधे. तेवढंच तर पाहिजे आपल्याला.

लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलतो तो आकडा, दोन्हींचा ९४ मिळतो, त्याच्या खालचा टायर कोणी फुकट दिला तरी घेऊ नका. हायब्रिड गाडी अंगाने जड असते. रिम घेताना पाच बोल्टचा ११४.३ पीसीडी (बोल्टच्या वर्तुळाचा व्यास) आणि मधलं भोक ६०.१ मागा. दुकानदार म्हणतो "रिंग टाकून बसवतो", तर प्लास्टिकची नको, ॲल्युमिनियमची. आणि ऑफसेट, म्हणजे चाक किती आत-बाहेर बसतं ते माप, कंपनीच्या १७ इंचीइतकाच ठेवा. चाक बाहेर आलेलं दिसायला छान, बेअरिंगला नाही.

दुसरं पोट घासायचं. स्पेसर घालायच्या आधी गाडी लिफ्टवर घ्या आणि काय घासतंय ते बघा. माझ्याकडे 'गाडी खाली आहे' म्हणून येणाऱ्या निम्म्या सेडानमध्ये इंजिनखालचं प्लास्टिकचं कव्हर लोंबत असतं. आधीच्या मालकाच्या सर्व्हिसमध्ये कुणीतरी काढलं, बसवताना दोन-तीन क्लिपा तुटल्या, त्या जागी झिपटाय. झिपटाय इंजिनच्या उष्णतेने आणि चिखलाने ढिला होतो, पुढची कड बोटभर खाली येते आणि प्रत्येक ब्रेकरला खर्रकन आवाज. मालक म्हणतो, चेंबर फुटलं! क्लिपा मिळतात, नाना पेठेत जुनी क्लिप नमुन्याला नेली तर मापाच्या काढून देतात. किरकोळ खर्चाचं काम आहे.

त्यानंतरही घासत असेल तर बोलू स्पेसरचं. माझं मत स्पष्ट आहे: ह्या गाडीला नको. तुम्ही पैसे दिलेत गाडी तरंगावी म्हणून. रबराचा ठोकळा स्प्रिंगच्या वेढ्यात अडकवला की तेवढा वेढा मेला. उंची मिळते, पण उरलेल्या वेढ्यांवर सगळा भार येतो आणि चाल कडक होते. हेडलाइटचा झोत वर जातो, ते कोणी नीट करून घेत नाही, समोरच्याच्या डोळ्यात.

वेताळटेकडी

फिटर भाऊंच्या पोस्टला +१. स्पीडब्रेकरबद्दल थोडी भर.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमात गोलाकार स्पीडब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच असतो, गाड्या ताशी २५ च्या आसपास याव्यात हा हेतू. ईएसचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, २.८७ मीटर. म्हणजे नियमातला ब्रेकर असेल तर पुढची-मागची चाकं एकाच वेळी त्याच्या उतारांवर असतात, गाडी अख्खी वर चढते आणि अख्खी उतरते, पोटाला काही होत नाही. आपल्या सोसायट्यांतले ब्रेकर गवंड्याने थापलेले असतात, हातभर रुंद आणि वीतभर उंच. चाकं दोन्ही बाजूंना जमिनीवर, आणि उंचवटा बरोबर गाडीच्या मध्यावर. व्हीलबेस जितका लांब तितकी पंचाईत.

तिरकी घाला, एकेक चाक चढवत. मागून हॉर्न वाजतील, वाजू देत. गाडीत पाच प्रौढ आणि डिकी भरलेली असेल तर एखाद्याने उतरायला हरकत नाही, ते तुमच्या नात्यांवर अवलंबून.

हायब्रिडवाली

सारथीदादा, अभिनंदन! आमच्याकडे २०१९ ची कॅमरी हायब्रिड आहे, तुमच्या गाडीची सख्खी बहीणच. प्लॅटफॉर्म तोच आणि अडीच लिटरचं इंजिनही तेच. चाकांपेक्षा मला दुसऱ्या दोन गोष्टींची काळजी वाटते, कारण त्या ॲक्सेसरीच्या दुकानात कुणी सांगत नाही.

एक. मोठी बॅटरी मागच्या सीटखाली आहे आणि ती थंड ठेवायला पंखा केबिनमधलीच हवा ओढतो. मागे बसणाऱ्याच्या टाचेजवळ, सीटच्या खालच्या भागात जाळी दिसेल. तुम्ही मॅट म्हणालात म्हणून सांगते, ते शिवलेले जाड 'सेव्हन डी' मॅट सीटच्या बुडापर्यंत वर चढतात आणि नेमकी ती जाळी झाकतात. बसवणारा मुलगा कौतुकाने सांगतो, "मॅडम, एक इंचही कार्पेट दिसणार नाही!" मी त्याला जाळी दाखवली तर म्हणाला, "ते एसीचं असेल." मग साधे रबरी मॅट घेतले. जाळीवर पिशव्या, उशा, मुलांची दप्तरं ठेवू नका. आत फिल्टर असतो, पुण्याच्या धुळीत त्यावर अक्षरशः गोधडी तयार होते. कुत्रं गाडीत बसत असेल तर विचारूच नका. प्रत्येक सर्व्हिसला साफ करायला सांगा आणि साफ केलेला डोळ्यांनी बघा.

दोन. छोटी १२ व्होल्टची बॅटरी डिकीत आहे. ती बसली तर मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी 'रेडी' होत नाही आणि डिकीचं बटणही चालत नाही. दार उघडायला रिमोटच्या पोटातली किल्ली असते, ती एकदा काढून, लावून बघा. प्रसंग येईल तेव्हा रात्र असेल आणि पाऊस असेल. गाणी ऐकत थांबायचं असेल तर 'रेडी' ठेवून थांबा, नुसती 'ऑन' ठेवली तर छोटी बॅटरी भरत नाही, फक्त रिकामी होते. ती बदलताना कोपऱ्यावरच्या दुकानातली साधी बसवू देऊ नका. डिकी म्हणजे केबिनचाच भाग, तिथल्या बॅटरीला वायू बाहेर सोडायची नळी जोडलेली हवी.

डॅशकॅम जरूर लावा, पण गाडी बंद असतानाही चालू राहणारा मोड लावायचा तर व्होल्टेज उतरलं की आपोआप बंद होणारा हवा. नाहीतर वरचा परिच्छेद पुन्हा वाचा.

आणि सीट कव्हर अजिबात नको. पुढच्या सीटच्या कडेला एअरबॅग आहे, ती शिवण फाडून बाहेर येते. वरून जाड रेक्झिन घट्ट शिवलं तर ती बाहेर कुठून येणार?

सारथी_कोथरूड

ताई, खूप आभार. आत्ता खाली जाऊन बघून आलो. जाळी आहे, आणि आधीच्या मालकाचे मॅट तिच्यावर अर्धे चढलेले आहेत. काढले.

सिग्नलला_उभा

कायद्याचं कुणी बोललं नाही म्हणून. वकील नाही, पण ह्या विषयात बरंच वाचलंय.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२: आरसीवर कंपनीच्या मूळ माहितीप्रमाणे जे आहे, ते बदलेल असा फेरफार करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत १८२ए आलं, मालकाने नियमबाह्य फेरफार केला तर प्रत्येक फेरफाराला ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. पाच गोष्टी केल्या तर पाच वेळा मोजतील, हे लोक विसरतात. रंग बदललात तर आरसीत नोंद करा. बंपरवरचे लोखंडी गार्ड २०१७ च्या शेवटीच केंद्राने बंद करायला सांगितलेत. ते चुकीच्या ठिकाणी धक्का देतात, एअरबॅगच्या सेन्सरचं गणित बिघडतं.

काचा: नियम १०० प्रमाणे पुढच्या-मागच्या काचेतून ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के उजेड आरपार जायला हवा. २०१२ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालापासून वरून चिकटवलेली फिल्म हा नसता ताप झालाय. नंतर नियमात बदल झालेत आणि त्यावर वाद घालता येतो, पण तो संचेती चौकात दुपारी दोन वाजता घालायचा का, हे तुम्ही ठरवा. मागच्या सीटसाठी जाळीचे पडदेसुद्धा पोलीस चालवून घेत नाहीत. उन्हाचा त्रास असेल तर गाडी उभी असताना पुढच्या काचेला सनशेड लावा.

विमा कंपनीला १७ इंची रिमबद्दल मेल टाकून ठेवा, उत्तर आलं नाही तरी पाठवल्याची नोंद राहते. आणि २०१८ ची गाडी आहे, तर एचएसआरपी (सरकारी सुरक्षा नंबरप्लेट) पाटी लावलीये का? १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या सगळ्या गाड्यांना महाराष्ट्रात ती घ्यावी लागते. 'दादा'सारखा दिसणारा नंबर असेल तर निरोप घ्या त्याचा.

कात्रजचा_घाट

भारी धागा. मी अजून कॉलेजात आहे, गाडी घ्यायला वेळ आहे. पण एक प्रश्न. थेट जपानहून जुनी आणता येते का? टोयोटा चेसर वगैरे. तिकडे स्वस्त असतात म्हणे.

सिग्नलला_उभा

नाही रे बाबा. वापरलेली गाडी आयात करायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही, उजव्या हाताचं स्टिअरिंग हवं आणि ती फक्त मुंबई बंदरातून आणता येते. चेसर २००१ मध्येच बंद झाली, म्हणजे पहिल्याच अटीत बाद. आणि तीन वर्षांच्या आतली आणलीस तरी सगळे कर मिळून गाडीच्या किमतीच्या वर जातात. रस्त्यावर कधी दिसते ती बहुतेक कार्नेवर आलेली असते, म्हणजे पाहुणी, ठरलेल्या मुदतीत परत जाणारी.

हडपसर_हायवे

जपानचं जाऊ दे, दिल्लीहून तरी आणावी का? तिथे जुन्या आयात गाड्या फारच स्वस्त दिसतात.

सिग्नलला_उभा

स्वस्त दिसतात ते खरं. पण एनओसी घेऊन इथे नोंदवताना महाराष्ट्राचा एकरकमी कर भरायचा. साध्या पेट्रोल गाडीला तो किमतीप्रमाणे ११ ते १३ टक्के, आयात गाडीला २०. वयाप्रमाणे सूट मिळते, पण मूळ किंमत साठ लाखांच्या घरात असली की सूट जाऊनही रक्कम बोचते. दिल्लीचा कर परत मिळवायला तिकडे खेटे वेगळेच. सारथींनी एमएच-१२ घेतली, शहाणपणा केला. फॉर्म २९ आणि ३०, कर्ज असेल तर बँकेचा ३५, काम संपलं.

हडपसर_हायवे

समजलं. मग इथलीच शोधतो. दुसरा प्रश्न सारथींना, घाटात कशी आहे? मी टेस्ट ड्राइव्हला ताम्हिणी उतरत होतो तर अर्ध्यावर इंजिन एकदम ओरडायला लागलं, पाय तर ॲक्सिलरेटरवर नव्हताच. घाबरून परत दिली.

हायब्रिडवाली

अहो, ते बरोबरच आहे, बिघाड नव्हे. उतारावर गाडी मोटरचा जनित्र करून बॅटरी भरते, म्हणून ब्रेक फारसे लागत नाहीत. पण बॅटरी भरली की ती वीज ठेवणार कुठे? मग गाडी इंजिन पेट्रोलशिवाय नुसतं फिरवते, म्हणजे जुन्या गाडीत आपण खालचा गिअर टाकायचो तसंच. आवाज येतो, पेट्रोल जात नाही. वरंधा उतरतानाही हेच होतं. लांब उतार दिसला की लिव्हर 'एस'मध्ये घेऊन पॅडलने आधीच थोडं धरून उतरायचं, म्हणजे दचकायला होत नाही.

भोसरी_फिटर

ताईंनी बरोब्बर सांगितलं. ह्याच कारणाने हायब्रिडचे ब्रेकपॅड खूप टिकतात, आणि त्यामुळेच दुसरी भानगड होते: पॅड वापरातच येत नाहीत, पावसाळ्यात कॅलिपरच्या पिना गंजून अडकतात. वर्षातून एकदा, पाऊस संपल्यावर, उघडून साफ करून त्यांना ब्रेकचं ग्रीस लावा. पॅड नवे दिसतात म्हणून सोडू नका.

अजून एक, ॲम्प्लिफायर, सबवूफर, ॲम्बियंट लाइट वगैरे करणाऱ्यांसाठी. कार्पेटखाली किंवा गाडीच्या बुडाला नारिंगी केबल दिसली तर तिथून हात मागे. बॅटरीच अडीचशे व्होल्टच्या आसपास आहे, इन्व्हर्टर ती साडेसहाशेपर्यंत चढवतो. स्क्रू मारताना खाली काय आहे माहीत नसेल तर मारू नये. माझ्या ओळखीत एकाने सबवूफरच्या पट्टीसाठी डिकीत ड्रिल चालवलं, नशिबाने बॅटरीच्या दुसऱ्या बाजूला. त्याला अजून कळलेलं नाही तो कशातून वाचला.

पेठेतला_प्रेक्षक

हलके घ्या, पण १७ स्पीकरच्या मार्क लेव्हिन्सन सिस्टिममध्ये सबवूफर वाढवणारा माणूस पुरणपोळीवर टोमॅटो सॉस घालत असणार.

वेताळटेकडी

पावसाळ्याचं राहिलं. बॅटरी सीटखाली आहे, हे वर आलंय. २५ सप्टेंबर २०१९ ला आंबिल ओढ्याकाठी आणि जुलै २०२४ मध्ये एकता नगरीत गाड्या पार्किंगमध्ये उभ्या-उभ्या बुडाल्या, चालवणारा कुणी नव्हता. तळघरात पार्किंग असेल तर धरणातून पाणी सोडल्याचा मेसेज आला की गाडी वर आणून ठेवा. आणि बुडालीच तर बटण दाबून 'बघू चालते का' नको. टो करा. विम्यात इंजिन प्रोटेक्ट घेताना त्यात हायब्रिडची बॅटरी धरली आहे का, हे लेखी विचारा. कुठे धरतात, कुठे वेगळं कव्हर घ्यावं लागतं.

सारथी_कोथरूड

अपडेट. गाडी लिफ्टवर घेतली आणि फिटर भाऊंचं निदान तंतोतंत निघालं. पुढच्या कव्हरला तीन क्लिपांच्या जागी काळे झिपटाय, एक तुटून लोंबतोय, कडेला घासून प्लास्टिकचा पार ब्रश झालेला. क्लिपा बसवल्या. गल्लीतला ब्रेकर आता तिरकं घातलं की आवाज न करता पार होतो, चौघे बसलेले असताना बघितलं. स्पेसरचा विषय बंद.

१७ इंची रिम आणि टायरही झाले. फरक दिसायला थोडा आहे, चाकाच्या कमानीत गाडी जरा साधी वाटते, मेहुणा म्हणालाच, "खालचं मॉडेल का घेतलंस?" पण कर्वे रोडची झाकणं आता फक्त ऐकू येतात. वळणावर स्टिअरिंग किंचित सैल वाटतं, खोटं सांगत नाही. ज्यांना घाटात रेटायची आहे त्यांना आवडणार नाही. मला वडिलांना हॉस्पिटलात न्यायचं-आणायचं असतं, माझा हिशोब वेगळा.

डॅशकॅम लावला, साधा, गाडीबरोबर बंद होणारा. फिल्म रद्द. एचएसआरपीची ऑर्डर टाकली. शेवटचा प्रश्न: जुनी १८ इंची चाकं टायरसकट पडली आहेत, टायर निम्मे शिल्लक. एकाने बरा भाव सांगितलाय. विकू का?

सिग्नलला_उभा

विकू नका. पुढे गाडी विकताना घेणारा मूळ चाकं मागणार, आणि जपानहून रिम मागवायची किंमत एकदा विचारून बघा.

पेठेतला_प्रेक्षक

पाच मीटरच्या गाडीला जागा शोधताना नाकी नऊ, आता चार चाकं कुठे ठेवणार? गॅलरीत ठेवलीत तर सोसायटीची नोटीस नक्की.

भोसरी_फिटर

गॅलरी नको, ऊन लागून टायरला भेगा पडतात. जिन्याखाली किंवा माळ्यावर, सावलीत. रिमसकट आहेत तर एकावर एक आडवी रचा, हवा थोडी कमी करून, मधे पुठ्ठा घाला म्हणजे रिम घासणार नाही. नुसते टायर असते तर उभे ठेवायला सांगितलं असतं. आणि रचायच्या आधी कोणतं चाक कुठलं ते आतल्या बाजूला खडूने लिहा: पुढचं डावं, मागचं उजवं. परत लावायची वेळ आली की कुणाला आठवत नाही.